एक की नऊ

१४ नोव्हेंबर १९७९
दिवाळीपासून वही उघडली नाही. इतक्या उशिरा लिहितो, माफी असावी. कोणाकडे मागतो तेही ठाऊक नाही.
आज संशोधन मळ्यात नव्या साहेबांबरोबर रोगट वाफे मोजले. संत्र्याचं कलम ज्या जंबेरीवर बांधतात, तिच्या नऊ गावच्या नऊ झाडांची रोपं, दर वाफ्यात एका झाडाची, पाटीवर त्या झाडाचा नंबर. मातीत मुद्दाम सडक्या मुळ्या कालवलेल्या. औषध द्यायचं नाही. जी रोपं जगतील त्यांच्या मूळ झाडाचं बी बागवाल्यांसाठी आणायचं. विहिरीजवळचा वाफा पार वाळला. बाभळीखालचा हिरवागार, उपटून पाहिलं तर मुळ्या पांढऱ्या. साहेबांनी पाट्या वाचून लिहून घेतलं, एक नंबर जगला, नऊ नंबर गेला.
माझ्या मते विहिरीजवळचा वाफा एक नंबर होता. बोललो नाही.

१५ नोव्हें.
जूनच्या वादळात दोन पाट्या उडाल्या होत्या. मीच परत ठोकल्या. 'एक' विहिरीजवळ, उरलेली बाभळीखाली. आज जाऊन नीट पाहिलं. आकडे इंग्रजी. इंग्रजी नऊ म्हणजे हुबेहूब आपला एक. आणि इंग्रजी एक नुसती उभी काडी. म्हणजे एक समजून मी विहिरीजवळ नऊ ठोकला. मी चौथीपर्यंत शिकलेला, तेही मराठीत.


१७ नोव्हें.
सोबतच्या मारोतीला सांगितलं. तो हसत सुटला. "अगा, नऊले एक म्हणते तू? पगार मोजतानी तर चुकत नाही."
मग म्हणाला, "चूप राय. झाडं काही बोलत नाही."
बोलत नाहीत तेच तर. जीप सोमवारी एक नंबरच्या झाडाचं बी आणायला जाणार. ते बी मरणारं असलं तर किती बागा...

१८ नोव्हें.
बायको म्हणाली, "साहेबाले सांगून काहून नाही टाकत? दोन दिवसापासून घरात नुसत्या येरझारा घालून राहिले."
उद्या सांगतो.

१९ नोव्हें.
सांगितलं. साहेब रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. विचारलं, "बाबा, वाफ्यांचा क्रम तर चिठ्ठ्या टाकून ठरवलाय. मुळात विहिरीजवळ एक नंबरच होता, हे नक्की?"
तिथून लावायला सुरुवात केली होती एवढं आठवतं. की मीच तसं धरून चाललो? नक्की म्हणवलं नाही.
लागवडीचा नकाशा जुने साहेब बदलून अकोल्याला गेले तेव्हा त्यांच्या कागदांत गेला. साहेब म्हणाले, नकाशा दाखवा, लगेच दुरुस्त करतो. जीप गेली.
एक गोष्ट आणखी कळली. नऊ नंबरचं झाड उमरेडकडे नत्थूजीच्या वावरात. जुन्या साहेबांनी ते राखायला सांगितलं होतं. आता नत्थूजींना निरोप गेला, झाड कामाचं नाही, तोडलं तरी चालेल.

२१ नोव्हें.
रजा टाकून एसटीने उमरेडला. पुढे पायी. झाड उभं आहे. फळं लागलेली. खाली विहिरीची आखणी, चुन्याने.
नत्थूजी खाटेवरून उठले नाहीत. "एक साहेब म्हणते ठेवा, दुसरा म्हणते तोडा. तुम्ही कोन?"
"माळी."
"मंग मालीदादा, लेखी आना. विहीर खोदायले बेलदार सोमवारी येऊन राहिले."
चार फळं मागितली. म्हणाले, तोडून घ्या. आठ घेतली. हिरवी आहेत, बी उगवेल की नाही देव जाणे. रस्ताभर पिशवी छातीशी.

२२ नोव्हें.
जुन्या साहेबांना पत्र टाकलं. तीनदा लिहिलं. शेवटचं असं:
साहेब, पाट्या मी उलट्या लावल्या असतील. नसतीलही. आपल्या नकाशात विहिरीजवळ कोणता नंबर, एवढं पाहा. आकडा अक्षरात लिहा. नत्थूजीचं झाड सोमवारपर्यंत उभं आहे. तार केली तरी चालेल, पण लवकर कळवा.