हलकी पुली आणि माझी बीएस्सी

मंगळवार, १२ डिसेंबर २००६
कामतघर

इंजिनाला हलकी पुली बसवली की गाडीची हॉर्सपॉवर खरंच वाढते का? मला नाही सांगता येत. वजन कमी झालं तर इंजिन लवकर वेग घेईल, एवढं कळतं. पण ताकद? ती मोजावी लागेल, आणि मोजली कोणीच नाही. तरी दादाने आज दुपारी त्याच्या गॅरेजच्या दारावर रंगवून घेतलं : 'पाच हॉर्सपॉवर जादा. बीएस्सी बहिणीने तपासलेली पुली.'

बीएस्सी बहिणीने. मी ती पुली हातातही घेतलेली नाही.

जाब विचारला तर म्हणतो, "लूमची पुली बदलली का लूम पळतो की नाय? मग गाडी पण पळणार." अरे, लूमच्या मोटरला आपण मोठी पुली घालतो, म्हणून लूम पळतो. मोटरची ताकद तेवढीच राहते. घरात कापडाचे लूम असून एवढं कळू नये? वर आई म्हणते, "तुझं नाव लावलं तर बिघडलं काय? शिकवलं कोणी तुला?" यासाठी शिकवलं?

संध्याकाळी व्हॅनवाले सलीमभाई आले. अंबाडीला कापड घेऊन जातात, माल भरला की चढावर गाडी दमते. दार वाचून त्यांनी मलाच विचारलं, "बहन, तुमने चेक किया है ना? फिर लगवा लेता हूँ."

दादा माझ्याकडे बघत होता.

"नहीं भाई," मी म्हटलं, "मैंने कुछ चेक नहीं किया."

रंग अजून ओला होता. रॉकेलचा बोळा घेतला आणि दोघांच्या देखत दोन्ही ओळी पुसून टाकल्या.