कंपनीचा रेडिओ

जळगाव,
१२ फेब्रुवारी १९९१

प्रिय नूर,

सहा वर्षांनी पत्र लिहितोय आणि सुरुवात कामानं करतोय, हसू नकोस. टॅक्सीतला कंपनीचा रेडिओ काढायचा आहे, पण बाकीचं काही बंद न पाडता. खरं सांगायचं तर काल काढलाच. बॅटरीची तार सोडवली, दोन्ही नॉब ओढले, मागचे नट फिरवले, इथपर्यंत तू करायचास तसंच. मग तो आत कुठंतरी अडला आणि माझं डोकं फिरलं. धरला आणि दिला हिसका. बॅटरी जोडून चावी फिरवली तर मीटरचे दिवे गेलेले, पेट्रोलचा काटा खाली पडलेला, इंडिकेटर मुका. सगळ्यांची अर्थिंगची तार रेडिओवरूनच पुढं गेलीय, हे तू कधीतरी सांगितलं होतंस, पण मी कधी धड ऐकलं? दुपारभर तो उघडा डॅशबोर्ड बघत बसलो. इथल्या मिस्त्रीला बोलवावंसं वाटेना. तुझ्या हातचं काम दुसऱ्यानं उचकटावं, हे मला सोसत नाही.

जरीनाभाभी गेल्या आठवड्यात बसस्टँडवर भेटल्या. मी तोंड चुकवणार होतो, त्यांनीच हाक मारली. म्हणाल्या, त्या दिवसापासून तू टेस्टर-पक्कड हातात धरलेली नाहीस. धुळ्यात मेहुण्याच्या बांगड्यांच्या दुकानात बसतोस आणि घरातला फ्यूज उडाला तरी शेजाऱ्याला बोलावतोस. माझी लता, तुझी लताभाभी, गेली त्या तारखेला दरवर्षी रोजा धरतोस. आणि नूर, वर त्यांनी माझेच उपकार मानले. पोलिसांत तुझं नाव घेतलं नाही म्हणून. मी नुसती मान हलवली. 

तो आदला दिवस आठवतो ना? हेडलाईटची वायरिंग नवी करून तू बॉनेट लावलंस आणि म्हणालास, बठ्ठं बराबर शे, सगळं ठीक आहे, आता डोळे मिटून जा. लता हसली होती, डोळे मिटून गाडी कशी चालवायची म्हणून. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पारोळ्याच्या पुढं माझी गाडी पुलाच्या कठड्यावर गेली. कठडा डाव्या दारात शिरला, तिच्या बाजूला. तू दवाखान्यात धावत आलास आणि पहिलं विचारलंस, लाईट गेले का रे? मी हो म्हणालो. बस, एवढंच.  गाडीकडं तू परत फिरकलाच नाहीस, नाहीतर तुला तिथंच सगळं कळलं असतं. तू फिरकू नयेस म्हणून मी देवाला हात जोडत होतो, इतका हलकट झालो होतो मी.

काल सगळं बंद पडल्यावर सवयीनं हेडलाईटचा खटका ओढला. दोन्ही लागले. तुझी तार रेडिओला, मीटरला कुठंच शिवत नाही. तू ती सरळ वेगळी नेलीस, सांध्यासांध्याला टेप गुंडाळून. पण हे कळायला मला रेडिओ काढायची गरज नव्हती. त्या संध्याकाळीही दोन्ही लाईट लख्ख होते, नूर. रेडिओ खरखरत होता. लता म्हणत होती, राहू द्या ना, बंद करा. मी ऐकलं नाही, नॉब फिरवत स्टेशन शोधत राहिलो. माझे डोळे रेडिओच्या काट्यावर होते, रस्त्यावर नव्हते. तिला मी मारलं आणि आळ तुझ्यावर घातला, हे सांगायला हे पत्र. जरीनाभाभींनाही वाचून दाखव. मीटर कसे चालू करायचे ते नाही कळवलंस तरी चालेल. ये आणि चारचौघांत जोडा मार, मी उभा राहीन. पण तुझ्या पाया पडतो, ती पक्कड परत हातात घे. तुझ्या हातून काहीच चुकलं नव्हतं.

तुझाच म्हणवून घ्यायला तोंड उरलं नाही, तरी तुझाच,
अभिमन