प्रश्नचिन्हाची पूर्तता

प्रति,
मा. अधिसेविका,
परिचारिका प्रशिक्षण कक्ष,
सामान्य रुग्णालय.

विषय : आनुवंशिकता प्रशिक्षणात काढलेल्या माझ्या वंशावळ-तक्त्यातील प्रश्नचिन्ह कायम ठेवण्याबाबत.
संदर्भ : ‘अपूर्ण नोंद सात दिवसांत पूर्ण करावी’ हे आपल्या कार्यालयाचे तीन तारखेचे पत्र.

महोदया,

तक्त्याच्या तिसऱ्या ओळीतील डावीकडचे पहिले वर्तुळ अकरा मिलिमीटर व्यासाचे असून त्यात निळ्या बॉलपेनने काढलेले प्रश्नचिन्ह आहे. ते वर्तुळ म्हणजे मी.

१. प्रशिक्षणात प्रत्येकीने आपल्याच घराण्याचा तक्ता काढायचा होता. पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ. आजार असल्यास आकृती काळी भरायची. आमच्याकडे चाळिशीच्या सुमारास हातापायांवरचा ताबा सुटत जातो; आजारी पालकाकडून तो आजार प्रत्येक अपत्याकडे येण्याची शक्यता पन्नास टक्के. आजोबा काळे, मामा काळा, आई काळी. धाकट्या बहिणीने रक्त तपासून घेतले. तिचे वर्तुळ कोरे आहे. मी सदतीस वर्षांची असून अकरा वर्षे तपासणी पुढे ढकलत आले आहे. जे माहीत नाही ते काळेही करता येत नाही आणि कोरेही सोडता येत नाही.

२. रेषा सरळ आल्या या कारणास्तव आपण तो तक्ता नमुना म्हणून लॅमिनेट करून जेवणाच्या खोलीबाहेरील फलकावर लावलात, याबद्दल मी आभारी आहे. तेव्हापासून डबा खायला येणारा प्रत्येक जण आधी माझे हात पाहतो, मग मला. परवा माझ्या हातून चमचा निसटला, तर अख्खे टेबल गप्प झाले. चमचा तेलकट होता, हे सांगण्याची संधी मिळाली नाही.

३. समुपदेशनात उपदेश करू नये, असे पहिल्याच तासाला शिकवले होते. तथापि वॉर्डच्या परिसेविका म्हणाल्या, “तपासून मोकळी हो एकदाची.” एक्स-रेवाले म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची, सिस्टर.” प्रशिक्षणात पहिल्या आलेल्या सहकारी म्हणाल्या, “पन्नास टक्के म्हणजे दोघींत एकीला. धाकटी सुटली, म्हणजे आता तुझाच नंबर.” प्रत्येक अपत्यासाठी नाणे नव्याने उडते, आधीचे कसे पडले हे त्याला ठाऊक नसते, असे मी निदर्शनास आणले. त्यावर, “ते परीक्षेपुरतं गं,” असे उत्तर मिळाले.

४. नोंद अपूर्ण म्हणून माझे प्रमाणपत्र रोखले आहे, आणि त्याविना नव्या समुपदेशन खोलीत मला बसता येणार नाही. आपल्या कार्यालयातील भाऊसाहेबांना भेटले असता, “काळं करा नाहीतर कोरं, पण फाइल बंद होऊ द्या,” असे म्हणून त्यांनी स्वतःचे पेन पुढे केले. काळे होते.

५. त्या खोलीत येणाऱ्या बाईला, न कळण्याचाही तुम्हाला हक्क आहे, असे मी सांगायचे आहे. तरी प्रश्नचिन्ह हीच पूर्ण नोंद समजावी, तक्ता उतरवून मला परत करावा आणि प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती.

६. फलक पुसणाऱ्या मावशी प्रशिक्षणाला नव्हत्या. काल त्यांनी त्या वर्तुळावर बोट ठेवून विचारले, “सिस्टर, हे तुम्हीच ना? मग तुम्हाला काय हवंय?” अकरा वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. विचारून त्या फडके हातात धरून नुसत्या थांबल्या. प्रश्न विचारल्यावर थांबावे, हेही आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. मी म्हणाले, “मावशी, मला कळायला हवंय. सोमवारी रक्त देते. पण निकाल आधी मला, मग वाटलं तर बहिणीला. फलकाला नाही.”

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र,
(स्वाक्षरी)
अधिपरिचारिका, वॉर्ड क्र. ४
दि. ८

सोबत : १. संदर्भीय पत्र.
२. सोमवारच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज. (कारण : वैयक्तिक)