नव्या कॉम्प्युटरवरचा माझा आवाज

लेका, आईशी कोणी नऊ वर्षं असं वागतं का?

तू बाहेर होतास तेव्हा कॉम्प्युटरवाला नवीन मशीन जोडून गेला. चालतंय का बघायला त्याने तू परवा रेकॉर्ड केलेलं माझं गाणं लावलं. मी म्हटलं, "ही कोण बाई रेकतेय?" तो म्हणाला, "मावशी, तुम्हीच. सूर सरळ करणारं ते जुनं प्लगिन या प्रोसेसरवर उघडतच नाही. जुन्या मशीनसाठी बनलेलं ना!" बिचाऱ्याला वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. मीही मान हलवली.

म्हणजे तोंडावर "आई, एकदम सुरात" म्हणायचास आणि माझी पाठ वळली की माझे सूर बदलायचास! मी अडाणी आहे, बहिरी नाही. एकदा सांगितलं असतंस, तर रियाज केला असता, नाहीतर माईक सोडला असता.

आणि सूनबाई? तिला मी तुझ्या याच रेकॉर्डिंगच्या खोलीत चारचौघांत बेसूर म्हणून माईकपुढून उठवलं. त्यानंतर ती स्वयंपाकघरातसुद्धा गुणगुणली नाही. तू तेव्हा हेडफोन लावून, मान खाली घालून बसला होतास.

मी तिच्या ऑफिसात चाललेय, माफी मागायला. जेवण झाकून ठेवलंय. नवीन प्लगिन आणलंस तर माझ्याशी गाठ आहे.

तुला काय सांगायचं ते आत्ता दारात उभी राहून मोठ्याने म्हणून पाहिलं, तेच लिहिते: मला बेसूर म्हणायला घाबरलास, ते एक वेळ समजून घेईन. पण मी तिला बेसूर ठरवत होते आणि तू ऐकत बसलास, त्याला माफी नाही.