चाळीस मेंढ्यांचा गॅस

५ एप्रिल २०२५
त्रेचाळीस डिग्री! आणि आज मी बिरप्पातात्यांना ग्लोबल वॉर्मिंग समजावलं. तात्या म्हणजे बाबांचे मोठे भाऊ — मंद्रूपला मेंढ्या राखतात. मेंढ्यांची औषधं न्यायला शहरात आमच्याकडे आले होते. कार्बन डायऑक्साइड म्हणजे पृथ्वीवरचं घोंगडं, आणि आपण ते जाड करत चाललोय, असं सांगितलं. लगेच समजलं त्यांना. मग म्हणाले, "ह्यात माजं किती?"

असं कुणीच विचारत नाही! आमच्या वर्गात सगळे विचारतात, अमेरिकेचं किती, चीनचं किती.

६ एप्रिल
हिशोब केला. मेंढ्या रवंथ करताना मिथेन सोडतात, तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा लई स्ट्राँग. तात्यांच्या चाळीस मेंढ्यांचा वर्षाचा गॅस आमच्या कारपेक्षा जास्त निघाला! पुन्हा चेक केलं. तेच.

फोन करून सांगितलं. वर हेही म्हटलं की तुम्ही मनावर घेऊ नका, आमच्याकडे कार आहे, दोन एसी आहेत, विमानाने गोव्याला जाऊन आलो. तात्या "बरं" म्हणाले. एवढंच.

९ एप्रिल
म्हाळसाकाकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा फोन. तात्या आठ म्हाताऱ्या मेंढ्या बाजारात नेणार आहेत! त्या आता पिल्लं देत नाहीत, तरी तात्यांनी जीव लावून सांभाळल्यात. काकू म्हणाल्या, "मी इका इका म्हनून दमले, तवा ऐकलं न्हाय. तुज्या एका फोननं झालं की!" हसत होत्या. मेंढरांच्या गॅसची गोष्ट त्यांनी गावभर केलीय. पण त्यातल्या एकीला त्यांनीच बाटलीने दूध पाजून वाढवलंय.

बाजारात म्हाताऱ्या मेंढ्या कोण घेतं, ते मला माहितेय. मला फक्त सायन्स सांगायचं होतं यार.

१० एप्रिल
बाबांना म्हटलं, थांबवा ना. म्हणाले, तात्यांना आजपर्यंत कुणी थांबवलंय?

मग मीच फोन लावला. खरं तेच सांगितलं — आठ मेंढ्या कमी करून जगाचं टेंपरेचर जरासुद्धा हलणार नाही.

"ठाव हाय गं," तात्या म्हणाले.

मग कशाला??  मेंढ्यांना पाणी दाखवायचंय म्हणाले आणि फोन ठेवला.

११ एप्रिल
विकल्या. मी जेवले नाही.

१ मे
मंद्रूपला ग्रामसभा. बाबांबरोबर मीही गेले. तात्या उठले! ऊस तोडल्यावर रानात उरतं ते पाचट पेटवू नका, म्हणाले, धूर आपल्याच डोक्यावर साठतोय. मागून एकजण ओरडला, "बिरप्पा, आदी तुजी मेंढरं बग की! ती बी गॅस सोडत्यात म्हनं!" सगळे हसले.

तात्यांनी हसू थांबू दिलं.

"बगितली. आट कमी केली. आता तुजं बोल."