हॉलमध्ये आखलेली गाडी

वन्सं,

तुम्ही वयाने माझ्याहून लहान आणि मानाने मोठ्या, त्यामुळे तुम्हाला आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही पाठवते आहे. लागेल तो ठेवून घ्या, उरलेला भावोजींना द्या. त्यांचा खोकला कसा आहे? (औषध खरंच पितात की बाटली हलवून परत ठेवतात, हे समोर उभं राहून पाहा. पुरुषांच्या औषध घेण्यावर माझा विश्वास नाही.) इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम. आईंचा गुडघा ऑपरेशननंतर जो सरळ झाला तो सरळच आहे, वाकायचं नाव घेत नाही. बाकी त्या ठणठणीत आहेत आणि आवाज तर पूर्वीपेक्षा सुधारला आहे. एक गाडी घ्यायला इतके दिवस का लागले, असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा तुमच्या बंधुराजांनी "घेतली, घेतली" म्हणून फोन ठेवून दिला. तेवढ्याने तुमचं समाधान झालं नसणार, म्हणून सविस्तर लिहिते.

या सगळ्याच्या मुळाशी तुमचं नवीन घर आहे. आईंनी ते अजून फोटोतच पाहिलं आहे, आणि स्वयंपाकघराची खिडकी कोणत्या बाजूला उघडते हे फोटोत कळत नाही, ही त्यांची रोजची तक्रार. "लेकीचं घर बघितल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही," असं त्या जेवताना जाहीर करतात. कुठेही म्हणजे नेमकं कुठे, ते आम्ही विचारत नाही. पण न्यायचं कसं? बंधुराजांची जुनी गाडी इतकी बुटकी, की आईंचा सरळ पाय आत घेतला की उरलेल्या आई बाहेर राहत. आमचे लेक-जावई इथे राहायला आल्यापासून लेकीची केक पोचवायची व्हॅन होती, पण ती चढ आला की रडायची आणि उतार आला की आम्ही रडायचो. त्यात बिल्डिंगच्या कमिटीने ठराव केला की एका घराला पार्किंगची जागा एकच. तेव्हा दोन्ही गाड्या काढून टाकायच्या आणि सगळ्यांच्या सगळ्या कामांना चालेल अशी एकच गाडी घ्यायची, असं ठरलं. ठरवायला पाच मिनिटं लागली. त्यानंतरचं आता वाचा.

प्रत्येकाची गरज वेगळी, आणि प्रत्येकाला आपली गरज अगदी साधी वाटते. आईंना पाय लांब करता आला पाहिजे, सीट फार खाली नको आणि फार वर नको. लेकीला मागे सपाट जागा हवी, कारण तिचा तीन मजली केक तिरका झाला की त्याचा एकच मजला होतो. जावईबापूंना फक्त "जरा पाय ठेवायला" जागा हवी. (तुम्ही त्यांना लग्नात बसलेलंच पाहिलंत. ते उभे राहिले की आमच्या पंख्याला काळजी वाटते.) बंधुराज निवृत्त झाल्यापासून जुनी घड्याळं दुरुस्त करतात, आणि तुमच्या नव्या हॉलसाठी त्यांनी माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ तयार केलं आहे. ते आडवंच न्यावं लागतं आणि त्याला धक्का चालत नाही. शिवाय कुत्रा. त्याला आम्ही साहेब म्हणतो, कारण तो कुणाचंही काम करत नाही आणि सगळ्यांवर नजर ठेवतो. त्याला खिडकी लागते.

एवढी मंडळी घेऊन आम्ही गाड्यांच्या शोरूममध्ये गेलो. पहिल्या गाडीत आई बसल्या आणि उठता येईना. मी आणि जावईबापूंनी त्यांना ओढून काढलं, तेव्हा त्यांची चप्पल आत राहिली आणि ती काढायला बंधुराज गेले ते सीटखाली घड्याळ मावतं का हे मोजत बसले. दुसरी गाडी उंच होती. आईंनी तिच्याकडे खालून वर पाहिलं आणि सेल्समनला विचारलं, "ही गाडी आहे का माळा?" तो बिचारा गळ्यातला टाय सैल करत म्हणाला, "आजी, यात सगळी फॅमिली आरामात बसते." आई म्हणाल्या, "बसते हो, पण चढते कशी ते सांग." मग लेकीने केकचे रिकामे डबे आणून डिकीत रचले, जावईबापू मागच्या सीटवर गुडघे कानाशी घेऊन बसले आणि साहेब मधोमध ठेवलेल्या चकचकीत लाल गाडीत शिरून उतरायलाच तयार होईनात. काचेवर नाकाचे ठसे उमटले ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा शोरूमच्या मॅनेजरांनी दारातच हात जोडले आणि गाड्यांची माहितीपत्रकं आमच्या हातात देऊन सांगितलं, की लांबी, रुंदी, उंची सगळं यात छापलेलं आहे, आपण घरी निवांत विचार करावा.

माणूस शहाणा होता. मला तिथेच उपाय सुचला. मी शाळेत जन्मभर कवायत शिकवली, मैदानं आखली. मला माप द्या, मी काहीही आखून देते. घरी आल्याबरोबर हॉलमधलं सामान भिंतीला लावलं, खडूचा डबा काढला आणि फरशीवर पहिली गाडी आखली. अगदी बरोब्बर, दारं उघडल्यावर लागणाऱ्या जागेसकट. सीटच्या जागी स्वयंपाकघरातल्या खुर्च्या. आईंच्या खुर्चीखाली गाडीच्या मापाप्रमाणे पुस्तकं, कमीजास्त करता येतील अशी. (एवढी वर्षं मी वाचते त्याचा घरात कुणाला तरी उपयोग झाला.) उंची विसरेन असं तुम्हाला वाटलं असेल, तर तुम्ही मला ओळखलंच नाही. दोन्ही भिंतींना खिळे ठोकून गाडीच्या छताच्या उंचीवर कपडे वाळत घालायची दोरी बांधली. दोरी डोक्याला लागली की गाडी बाद. नियम एकच, आत जायचं ते दारातून, रेषेवरून नाही. मी बाहेर उभी राहून शिट्टी वाजवायची, पहिल्या शिट्टीला सामान, दुसरीला माणसं, तिसरीला दारं बंद.

वन्सं, आठवडाभर आमच्या घरी रोज संध्याकाळी नवी गाडी आली आणि रात्री पुसली गेली. पहिल्या दिवशी सगळे लाजले. दुसऱ्या दिवशी बंधुराज स्टीअरिंग म्हणून ताट घेऊन बसले आणि तोंडाने हॉर्न वाजवायला लागले. तिसऱ्या दिवशी आई म्हणाल्या, "हळू घे, पुढे ट्रक आहे," आणि यांनी खरोखरच ब्रेक दाबला! मागे लेक कळवळून ओरडली, "बाबा, केक!" जावईबापू तर ऑफिसातून आल्यावर कपडे न बदलता थेट गाडीत येऊन बसत. जे एरवी टेबलाच्या चार बाजूंना बसून चार फोन बघतात, ते भिंतीकडे तोंड करून तासन् तास गप्पा मारत होते. आई दुपारीसुद्धा पुढच्या सीटवर बसून मटार सोलायच्या आणि सालं टाकायला खिडकीची काच खाली करायच्या. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई एकदा इस्त्री मागायला आल्या आणि सरळ चालत आत शिरल्या, तर आई कडाडल्या, "अहो, बॉनेटवरून काय चालता!" त्या बाई घाबरून बाजूला झाल्या, सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, मागे जागा आहे का. साहेबांना मात्र कुणी काही शिकवावं लागलं नाही. ते पहिल्या संध्याकाळपासून दारातूनच येत-जात होते.

तीन गाड्या दोरीत अडकल्या, दोन घड्याळावर, एक जावईबापूंच्या गुडघ्यांवर. शेवटी एक उरली. बाजूला सरकणारी दारं, आई न वाकता बसतील इतकी उंच सीट, मागे केकसाठी सपाट जागा. बंधुराज बुटके, म्हणून त्यांची सीट पुढे घेतली की मागे जावईबापू सुटसुटीत. मधे लेक. आईंच्या मागची सीट दुमडली की तिथून डिकीपर्यंत घड्याळ आडवं, आणि घड्याळाच्या पायथ्याशी खिडकीला साहेब. मी तीन शिट्ट्या वाजवल्या, इंचभर काही बाहेर आलं नाही. आईंनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी पैसे भरले. (गाडीचा रंग बघायचा राहिला. माहितीपत्रकात ती पानाच्या कोपऱ्यात होती आणि माझं लक्ष आकड्यांवर. गाडी जांभळी आहे. वांग्यासारखी म्हटलं तर वांग्याचा अपमान होईल. पण आईंना आवडली, दुरून ओळखू येते म्हणून.)

गेल्या रविवारी सकाळी आम्ही खऱ्या गाडीत पूर्ण तालीम केली. घड्याळ आलं, केकचे डबे आले, साहेब आले. सगळी बिल्डिंग गॅलरीत. मी रस्त्यावर उभी राहून पहिली शिट्टी दिली, दुसरी दिली. आई पाय लांब करून अशा काही ऐटीत बसल्या की मला भरून आलं. तिसरी शिट्टी. दारं सरकली, गाडी सुरू झाली, आणि निघाली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. मग हळूहळू उलटी येत माझ्यासमोर उभी राहिली. काच खाली झाली. आई म्हणाल्या, "अगं, पण तू कुठे बसणार?"

झालं ते असं. आठवडाभर मी रेषेच्या बाहेर उभी होते. मला कुणी आत धरलंच नव्हतं. जावईबापू लगेच उतरले, म्हणाले, मी मागाहून येतो. लेक म्हणाली, केक राहू दे. बंधुराजांचा चेहरा तर इतका उतरला की ते म्हणाले, घड्याळ राहू दे, आणि हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. आई काठी शोधायला लागल्या. साहेबांनी तेवढं खिडकीबाहेर पाहिलं आणि आमची ओळख नसल्यासारखं केलं. वरून समोरच्या बाई ओरडल्या, "मांडीवर घ्या!" कोण कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हटलं, कुणीही उतरायचं नाही, मी बसने जाईन. त्या दिवसापासून बंधुराज माझ्याशी अपराध्यासारखे वागत आहेत. स्वतः उठून चहा करतात. चहा वाईट करतात, पण करतात.

तर येत्या शनिवारी गाडी तुमच्याकडे दुपारच्या जेवणाला पोचेल. घड्याळासाठी हॉलची भिंत रिकामी ठेवा आणि जांभळ्या रंगाबद्दल बंधुराजांच्या देखत काही बोलू नका. भावोजींना नमस्कार. (वरचा उरला नसेल तर हा घ्या.)

तुमची,
वहिनी

ता. क. – तुम्ही माझ्यासाठी हळहळत असाल, तर थांबा. जन्मभर मुलींच्या रांगा मोजून सहलीला नेणाऱ्या बाईला स्वतःला मोजायचं राहील असं तुम्हाला वाटलं का? माझी जागा नाही हे मला दुसऱ्याच संध्याकाळी दिसलं होतं. मी बोलले नाही. बसला तुमच्या गावापर्यंत अख्खी सकाळ लागते, खिडकीची सीट मिळते, आणि वाटेत "माझा चष्मा कुठे आहे" असं कुणी विचारत नाही. पुस्तक काढून ठेवलं आहे. (आईंच्या सीटखालचं, वरून दुसरं.) हे बंधुराजांना कळता कामा नये, निदान चहा चालू आहे तोवर.

आणखी ता. क. – पत्र पाकिटात घालत होते तेवढ्यात आई खोलीत आल्या, दार लावून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या शेजारची सीट कुणाची आहे?" मी म्हटलं, आई, ही एवढी गाडी तुमच्यासाठीच घेतली ना? तर म्हणाल्या, गाडी छान आहे, पण या मंडळींबरोबर मी आठवडाभर हॉलमध्ये प्रवास केला, तेवढा पुरे झाला. बसला चढायला पायऱ्या आणि धरायला दांडा असतो, पुढच्या सीटसमोर पाय लांब करायला भरपूर जागा असते, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाल्या, "मला विचारलं कुणी? आणि विचारलं असतं तर हॉलमध्ये गाडी कशी आली असती?"

आम्ही दोघी पुढच्या दोन सीट घेतल्या आहेत. आमची बस गाडीच्या आधी सुटते. निघताना त्या स्वतःच मुलाला सांगणार आहेत, आणि त्यांच्या रिकाम्या सीटवर मी बसू शकते हे तुमच्या बंधुराजांच्या लक्षात यायच्या आत आम्ही स्टँडवर पोचलेल्या असू.

आता खरं काम. तुम्ही आम्हाला न्यायला स्टँडवर या, एकट्याच, आणि तुमची ती छोटी गाडीच आणा. आईंना दारातून थेट स्वयंपाकघरात नेऊन आधी खिडकी दाखवायची आहे. तुमच्या गाडीत आम्ही मावणार नाही अशी शंका काढू नका. काल माहितीपत्रकातून तिचं माप काढून मी हॉलमध्ये आखून पाहिलं. मावतो. या वेळी मी आत बसून पाहिलं.