क्लेटनला द्यायची बिनलेबलाची रेकॉर्ड

मी, लिनवुड गॅड्सडेन, वय बासष्ट, राहणार ब्रॉन्क्स, न्यूयॉर्क, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. लिहिताना मी रागात आहे. डॉक्टरांच्या दाखल्यात तसा उल्लेख नाही, म्हणून इथे केला.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि रेकॉर्डचे दुकान मुलगी रेनिता हिला. तिने दुकान कोणालाही विकावे, फक्त क्लेटनला नको. क्लेटन म्हणजे ह्यूस्टनला पळालेला माझा धाकटा भाऊ.

२. रेकॉर्ड वाजवायची दोन्ही टर्नटेबल व आवाज मिसळायचा मिक्सरही रेनितालाच. यांवरच जुन्या रेकॉर्डचे तुकडे जोडून मी ‘स्टेअरवेल’ या माझ्या रॅप अल्बमचे ठेके बांधले. ठेके कोरडे, टणक; वर शब्दांची गच्च गर्दी. आमच्याकडे गाड्या नव्हत्या. जिन्यात उभे राहून एकेक ओळ कान देऊन ऐकायचो. क्लेटनने त्यातलाच एक ठेका उचलला, निम्म्या वेगावर आणला, गाडीची डिकी हादरेल एवढा बेस भरला आणि ‘मोलॅसिस’ हा स्वतःचा अल्बम काढला. काकवीच ती! एक ओळ ओघळून संपेपर्यंत माणसाला डुलकी लागते. वर फोनवर मलाच म्हणतो, "दादा, तुझं गाणं म्हणजे नुसती कटकट रे! इकडे लोक गाडीत निवांत ऐकतात. तुझा मेलेला ठेका मी जिवंत केला, उपकार मान."

"चोरा, आधी माझं नाव छाप," मी म्हणालो. त्याने छापले नाही.

३. तो ठेका ज्या रेकॉर्डवरचा, ती क्लेटन आजवर मागतो आहे. शेजारच्या डीजेला नाव कळू नये म्हणून आमच्यात चांगल्या रेकॉर्डचे लेबल भिजवून काढतात, मीही काढले. ती रेकॉर्ड क्लेटनला द्यावी आणि पुढचा मजकूर रेनिताने त्याला मोठ्याने वाचून दाखवावा.

क्लेट्या, त्या ठेक्यावर एक बाई गुणगुणते. तू वेग उतरवलास, तिचा आवाज पुरुषी झाला, आणि रेडिओवर तू हसत सांगितलेस, "कुणी म्हातारा कण्हतोय." ती रेकॉर्ड आपल्या चर्चच्या गायकवृंदाची आहे, तुझ्या जन्माआधीची. माझे नाव छापले असतेस तर तेव्हाच सांगितले असते. छापले नाहीस, मी सांगितले नाही, आणि त्याची मला खंत नाही. आई गेली तेव्हा तू तान्हा होतास. तिचा आवाज कसा होता, असे लहानपणी रोज विचारून माझे डोके खायचास. आता रेकॉर्ड पूर्ण वेगाने लाव. तो म्हातारा आपली आई आहे.

सही: लिनवुड गॅड्सडेन
साक्षीदार: हेक्टर क्विन्योनेस, न्हावी, अर्लीन पिंकनी, शेजारीण. दोघांसमक्ष सही केली. मजकूर त्यांना दाखवलेला नाही.
स्थळ: ब्रॉन्क्स. दिनांक: ९ नोव्हेंबर २०२३